स्वस्त टिन व्हिसल: सूर पाहून घ्या, आवाज घरी सुधारा

टिन व्हिसल म्हणजे उभी धरून वाजवायची, सहा भोकांची धातूची छोटी बासरी. आपल्याकडचं अलगूज ज्या तत्त्वावर वाजतं, त्याच तत्त्वावर ही वाजते. फुंक एका अरुंद वाटेतून जाते, समोरच्या पात्यावर आदळते आणि नळीतली हवा कंप पावू लागते. ओठांचा कोन साधायचा नसल्यामुळे पहिल्याच दिवशी स्वर निघतो. आडव्या बासरीवर नुसता स्वच्छ स्वर काढायला नवशिक्याचे आठवडे जातात. इथे ते वाचतात आणि बोटांकडे, लयीकडे लगेच लक्ष देता येतं. म्हणून लहान मुलांना आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा वाद्य हातात घेणाऱ्यांना मी हीच सुचवतो.

अडचण अशी की स्वस्त व्हिसल घरी आणली की बरेचदा ती किंचाळते, खालचा स्वर धरत नाही, वरच्या सप्तकात जाताना मधेच फाटते. घरचे वैतागतात आणि व्हिसल कपाटात जाते. यातले बहुतेक दोष तिच्या डोक्यात, म्हणजे तोंडात धरायच्या प्लॅस्टिकच्या भागात असतात, आणि ते एका संध्याकाळी घरीच दूर होतात. पण भोकं चुकीच्या जागी पाडलेली असतील तर तो दोष फार थोडा निघतो, आणि मोठा असेल तर निघतच नाही. तेव्हा निवडताना सूर पाहायचा. आवाजातला गोडवा नंतर आपल्या हातांनी आणता येतो. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आवाज कानाला बरा लागला की पैसे देतात, आणि मग वरचा धैवत तानपुऱ्याशी कधीच जुळत नाही.

पट्टी कोणती घ्यावी

व्हिसलवर जी पट्टी लिहिलेली असते, ती सहाही भोकं बंद केल्यावर निघणाऱ्या स्वराची. डी व्हिसलवर सगळी भोकं बंद केली की डी, म्हणजे हार्मोनियमची पांढरी दोन वाजते. आपल्या बासरीवाल्यांचा हिशेब वेगळा आहे. वरची तीन भोकं बंद ठेवून निघतो तो त्यांचा सा, आणि बासरीचं नावही त्या सा वरून पडतं. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की चुकीचं वाद्य घरी येतं. डी व्हिसलवर वरची तीन भोकं बंद केली की जी, म्हणजे पांढरी पाच मिळते. बासरीवाल्याला सांगायचं झालं तर डी व्हिसल ही पांढरी पाचची छोटी बासरी आहे. त्याच न्यायाने सी व्हिसल म्हणजे पांढरी चारची.

पहिली व्हिसल डीचीच घ्या. आयरिश धुनांचा मोठा भाग डी आणि जी या पट्ट्यांत वाजतो, शिकण्याचं बहुतेक साहित्य डी व्हिसल गृहीत धरूनच केलेलं असतं आणि भोकांमधलं अंतर आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही झेपतं. बी फ्लॅटची मोठी व्हिसल ऐकायला जास्त मऊ लागते, पण तिची भोकं लांब लांब असतात. एफ आणि जीच्या छोट्या व्हिसल कानाला टोचतात, बोटंही एकमेकांवर चढतात.

डी व्हिसलवर खालून एकेक भोक उघडत गेलं की डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प असे स्वर येतात. सहा बंद म्हणजे सा मानला तर हा सरळ बिलावल थाट झाला. भूप आणि दुर्गा यात एकही भोक अर्धं न दाबता वाजतात, म्हणून सुरुवात तिथून करावी. तीन बंद म्हणजे सा मानला तर मध्यम तीव्र येतो आणि कल्याण थाट हाती लागतो. यमन या बोटांवर अगदी सहज बसतो. शुद्ध मध्यम हवा असेल तेव्हा सर्वांत वरचं भोक उघडं, दुसरं आणि तिसरं बंद, खालची तिन्ही उघडी, असं धरा. हाच स्वर सहा-बंद सा मानणाऱ्याला कोमल निषाद म्हणून मिळतो, म्हणजे खमाजाचीही सोय झाली. बायकांच्या गळ्यासोबत वाजवायचं असेल तर पांढरी पाच जवळची पडते, त्यांच्यासाठी तीन-बंद सा सोयीचा.

ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय १९१८ मध्ये निघालं, आणि तेव्हापासून भातखंड्यांच्या पद्धतीने सरगम गिरवलेल्या पिढ्या इथल्या घरांत आहेत. आजीला सरगम येते, नातवाला डी-ई-एफ शार्प शिकवलं जातं. असं करू नका. व्हिसल सरगमीतच शिकवावी, म्हणजे घरातला जाणता कान मुलाच्या मदतीला येतो.

मींडेची अपेक्षा मात्र मर्यादित ठेवा. भोकं लहान, फुंकेची वाट ठरलेली. बासरीसारखा ओठ फिरवून स्वर वाकवता येत नाही. बोट हळूहळू सरकवून दोन शेजारच्या स्वरांत छोटी मींड निघते. जोहान्सबर्गमध्ये १९५० च्या दशकात क्वेला नावाचं संगीत याच वाद्यावर बहरलं. स्पोक्स मशियाने हे त्यातलं मोठं नाव. ते वादक व्हिसल तोंडाच्या कोपऱ्यात तिरकी धरत आणि स्वर चांगलेच घसरवत. आपल्या गायकीच्या अंगाने वाजवू पाहणाऱ्यांनी त्यांची ध्वनिमुद्रणं जरूर ऐकावीत.

बनावट

१८४३ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या रॉबर्ट क्लार्कने कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याची व्हिसल करून विकायला सुरुवात केली. क्लार्कची मूळ व्हिसल आजही तशीच आहे: पत्रा वळवून केलेली, खाली निमुळती होत जाणारी नळी आणि तोंडात लाकडी ठोकळा. आवाज हवेशीर, मऊ. फुंक जास्त लागते. डोकं निघत नाही, त्यामुळे पट्टी वर-खाली करता येत नाही.

दुसरा प्रकार पितळेच्या किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या सरळ नळीवर प्लॅस्टिकचं डोकं. जनरेशन, फॅडोग, वॉल्टन्स ही त्यातली जुनी नावं. तिसरा, क्लार्कचीच स्वीटोन: निमुळती नळी, प्लॅस्टिकचं डोकं. तिच्यात फारसं काही करावं लागत नाही. हात घालायची हौस नसेल तर स्वीटोन घ्या आणि पुढच्या दुरुस्त्या सोडून द्या. हौस असेल तर दुसरा प्रकार घ्या, कारण त्याचं डोकं सुटतं, आतपर्यंत पोहोचता येतं, आणि नीट केलेली अशी व्हिसल मैफलीत वाजवण्याच्या योग्यतेची होते.

पितळ की निकेल, यावर फार विचार करू नका. आवाजातला फरक डोक्यामुळे पडतो, धातूमुळे जवळजवळ नाही. निकेलने कातडीला खाज येत असेल तर पितळ घ्या, एवढंच.

आयर्लंडमध्ये या व्हिसल दहा-पंधरा युरोंना मिळतात. इथे येईपर्यंत वाहतूक आणि कर चढतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, तबला, बांबूची बासरी मिळते, पण व्हिसल बहुधा मागवावी लागते. नुसतं व्हिसल म्हटलं की कधी रेकॉर्डर पुढे येतो. त्याला पुढे सात भोकं आणि मागे अंगठ्याचं एक असतं. ते वेगळं वाद्य आहे, बोटं वेगळी पडतात. ऑनलाइन मागवताना परत घेण्याची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच मागवा आणि आल्याच्या दिवशीच खालची तपासणी करा.

हिवाळ्यात मेळा भरतो तेव्हा तिथे धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या उभ्या बासऱ्या दिसतात. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या या मेळ्यातून ग्वाल्हेरच्या कितीतरी मुलांच्या हाती पहिलं वाद्य आलं असेल. खेळायला त्या चांगल्याच. फक्त भोकं डोळ्यांच्या अंदाजाने पाडलेली असतात आणि तो दोष घरी निघत नाही. मुलाचा कान घडवायचा असेल तर त्या बासरीवर सरगम घोटून घेऊ नका.

हातात आल्यावर तपासणी

आधी व्हिसल गरम करा. थोडा वेळ काखेत धरा किंवा हळू वाजवत राहा. थंड नळीवर केलेली सुराची तपासणी खोटी ठरते.

फोनवर तानपुरा लावा, सा पांढरी दोनचा. सुरांचा मीटर दाखवणारं ॲपही ठेवा, पण निवाडा तानपुऱ्यावर करा. कारण फुंकेच्या जोराने स्वर चढतो आणि उतरतो. मीटरकडे बघत वाजवलं की काटा मध्यावर आणण्यासाठी नकळत फुंक बदलते आणि दोष लपतो. डोळे मिटून तानपुऱ्यावर सा, प, वरचा सा धरा. मग मध्यम, धैवत. सहज फुंकेने हे पाच जुळले तर भोकांच्या जागा चांगल्या आहेत असं समजा.

गंधाराबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा, नाहीतर चांगली व्हिसल नापास कराल. मीटर अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरतो आणि बारा समान भागांवर चालतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्या मापापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. शुद्ध निषाद सुमारे १२ सेंट खाली. म्हणजे एफ शार्पला मीटर थोडा उतरता दाखवतो आणि तानपुऱ्यावर तोच स्वर विरघळतो, हा दोष नव्हे. कीबोर्डसोबत वाजवायचं असेल तर काटा मध्यावर हवा, तानपुऱ्यासोबत वाजवायचं असेल तर थोडा डावीकडे. शिवाय सा बदलला की गंधाराची जागाच बदलते. तीन-बंद सा धरला की गंधार बीवर जातो आणि एफ शार्प निषाद होतो. म्हणून एका रागासाठी भोक कानशीने वाढवून ठेवू नये.

मग खालचं आणि वरचं सप्तक ताडून पाहा. सरळ नळीच्या व्हिसलचं वरचं सप्तक किंचित उतरतं आणि जास्त फुंकेने ते जागेवर आणावं लागतं, हे स्वाभाविक. पण एखादाच स्वर शेजाऱ्यांपेक्षा २५-३० सेंटने बाहेर असेल, तोही खालच्या बाजूला, तर व्हिसल परत करा. चढलेला स्वर टेपने उतरवता येतो. उतरलेला चढवायचा तर धातू कापावा लागतो, आणि कापलेलं परत येत नाही.

आवाज किंचाळतो, फुसफुसतो, खालचा डी नीट धरत नाही, या कारणांसाठी परत करू नका. तो पुढचा भाग आहे.

डोकं: साफसफाई

लागणारं सामान थोडं आहे. लोहिया बाजारात नळवाले वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप मिळेल, आणि रेगमाल, म्हणजे घासायचा कागद, ६०० आणि १००० नंबरचा. स्टेशनरीच्या दुकानातून भिंतीवर पोस्टर चिकटवायचा रबरासारखा लगदा, ब्लू टॅक नावाने मागा. साधी पारदर्शक टेप, एक बोथट पेन्सिल, चांगला उजेड.

प्रथम फुंकेची वाट उजेडासमोर धरून आरपार पाहा. ती स्वच्छ आयताकृती फट दिसली पाहिजे. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकचे केसासारखे तंतू कडांना चिकटलेले असतात, खासकरून वाट जिथे खिडकीत, म्हणजे डोक्यावरच्या चौकोनी भोकात, उघडते तिथे. आवाज घोगरा होण्याचं हे सर्वांत सामान्य कारण. जाड कागदाची पट्टी वाटेतून दोन-तीनदा ओढा. तरीही तंतू राहिला तर नव्या ब्लेडच्या टोकाने फक्त तेवढाच छाटा.

खिडकीपलीकडचं पातं, ज्यावर फुंक आदळते, त्याला हात लावू नका. धार बोथट दिसली तरी घासू नका. नवशिके इथेच डोकं कायमचं बिघडवतात. पात्याच्या धारेवर तंतू लोंबत असेल तर तो बाहेरच्या बाजूने अलगद उचलून काढा, धारेवर ब्लेड फिरवू नका. एवढं करून पुन्हा वाजवून पाहा. कधीकधी काम इथेच संपतं.

डोकं सोडवणं

नळी आणि डोकं कारखान्यात गोंदाने चिकटवलेलं असतं. ते सुटं झालं तरच पट्टी वर-खाली करता येते, आणि ग्वाल्हेरच्या हवेत त्याची गरज पडतेच. त्याबद्दल पुढे सांगतो.

पाणी उकळू नका. हात घालवणार नाही इतकं कडकडीत गरम झालं की बास. उकळत्या पाण्यात प्लॅस्टिक वाकडं होतं. व्हिसल उलटी धरून जोडाचा भाग पाण्यात अर्धा मिनिट ठेवा. बाहेर काढून एका हातात कापडाने नळी, दुसऱ्या हातात डोक्याचा खालचा जाड भाग धरा. चोच धरून पिळू नका, ती मोडते. आधी गोल फिरवा, फिरलं की ओढा. नाही फिरलं तर पुन्हा गरम पाण्यात. जोर वाढवण्यापेक्षा फेऱ्या वाढवाव्यात.

सुटल्यावर नळीवरचा जुना गोंद नखाने किंवा आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडून काढा. डोकं परत बसवा. सैल असेल तर नळीवर टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे द्या, घट्ट असेल तर १००० नंबरचा रेगमाल किंचित फिरवा. डोकं हाताने फिरलं पाहिजे, पण वाजवताना आपोआप हलता कामा नये. जोडातून हवा गळत असेल तर खालचे स्वर अशक्त होतात. खालचा डी धरत नसेल तर आधी ही शंका घ्या. खिडकी भोकांच्या ओळीत आणा.

पोकळी भरणं

सगळ्या दुरुस्त्यांत हिचा परिणाम सर्वांत मोठा. डोकं सुटं असतानाच खालच्या बाजूने आत पाहा. फुंकेच्या वाटेखाली प्लॅस्टिक भरीव नसतं, तिथे एक कप्पा राहिलेला असतो. साच्याच्या सोयीसाठी तो तसा ठेवतात. नळीतली हवा त्या कप्प्यातही घुसते आणि काही स्वरांवर त्याचा त्रास होतो. सप्तक बदलताना ओरडणं, वरचा ए आणि बी फाटणं, हे बरेचदा यातूनच येतं. जुन्या लाकडी ठोकळ्याच्या व्हिसलमध्ये हा प्रश्नच नव्हता.

ब्लू टॅकची चण्याएवढी गोळी करा. पेन्सिलच्या बोथट टोकाने ती आत ढकला आणि कप्प्यात दाबून भरा, कोपऱ्यांत हवा राहू देऊ नका. भराव फुंकेच्या वाटेच्या तळाच्या कडेपर्यंत सपाट यायला हवा. खिडकीतून पाहिलं की वाटेचा तळ जिथे संपतो तिथून भराव सरळ खाली उतरलेला दिसावा. त्याच्या पुढे जराही येता कामा नये. भराव खिडकीखाली पुढे आला तर आवाज दबतो, कधी बंदच होतो. कमी पडला तर थोडा आणखी घाला. वाजवा, पाहा, पुन्हा डोकं काढा. हे घाईचं काम नाही.

कप्पा नीट भरल्यावर खालचं सप्तक घट्ट होतं आणि वरचं कमी फुंकेत लागतं. फरक पहिल्याच सुरात कळतो.

ब्लू टॅकऐवजी मेण वापरण्याचा सल्ला मिळेल. युरोपात ते चालतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या व्हिसलमधलं मेण मऊ होऊन फुंकेच्या वाटेत ओघळू शकतं. एम-सील भरू नका, कारण ते परत काढता येत नाही. हे सगळे बदल उलटवता येण्यासारखे असावेत.

भोकं आणि एकेक स्वर

नळीवरच्या भोकांच्या कडा बोटांना टोचत असतील तर १००० नंबरच्या रेगमालाची सुरळी करून भोकात अलगद फिरवा. कड मोडायची, भोक मोठं करायचं नाही.

चढलेला स्वर उतरवायला, त्या स्वरासाठी उघडं असलेलं सर्वांत वरचं भोक शोधा आणि त्याच्या डोक्याकडच्या कडेवर पारदर्शक टेपचा चंद्रकोरीएवढा तुकडा लावा. स्वर थोडा उतरेल. पुरे वाटेपर्यंत सरकवत जा. काही दिवस वाजवून समाधान झालं की टेपच्या जागी नखांच्या पॉलिशचे पातळ थर देऊन तेच काम कायमचं करता येतं.

उतरलेला स्वर चढवायला त्याच भोकाची डोक्याकडची कड सुईसारख्या गोल कानशीने घासतात. अशी कानस सराफ्यातले कारागीर वापरतात. तीन-चार हात फिरवले की थांबून ऐका. मी हे अगदी शेवटचा उपाय म्हणून सांगतो. वीस सेंटपर्यंतचा फरक असेल तर तो फुंकेवर सोडावा, बोटं आणि श्वास काही आठवड्यांत त्याच्याशी जुळवून घेतात.

सहा बंदचा डी मात्र नळीच्या टोकावर ठरतो. बाकी सगळं जुळून तोच उतरलेला असेल तर नळीचं टोक सपाट रेगमालावर घासून कणभर लहान करावं. चढलेला असेल तर टोकाला टेपचा वेढा असा द्यावा की तो नळीच्या एक-दोन मिलिमीटर पुढे येईल.

वरच्या सप्तकातला डी फुटत असेल तर तो व्हिसलचा दोष समजू नका. तिथे सर्वांत वरचं भोक उघडं आणि बाकीची पाच बंद ठेवायची असतात.

क्लार्कच्या मूळ व्हिसलला यातलं बरंचसं लागू नाही. तिला फुंक फार लागत असेल तर लाकडी ठोकळ्यावरचा पत्रा, म्हणजे फुंकेच्या वाटेचं छत, दोन अंगठ्यांनी किंचित दाबा. वाट अरुंद होते, फुंक वाचते, आवाज स्पष्ट होतो. दर दाबानंतर वाजवून पाहा. जास्त दबलं तर बारीक पातळ काडीने उचलता येतं, पण पत्रा वारंवार वाकवू नये.

दाणा ओळीतल्या किंवा जनकगंजातल्या जुन्या घरांत भिंतीला भिंत लागून असते आणि व्हिसलचं वरचं सप्तक शेजारी स्वच्छ ऐकू जातं. परीक्षेच्या दिवसांत खिडकीच्या दोन्ही बाजूंना ब्लू टॅकचे छोटे तुकडे लावून ती अरुंद करा. आवाज चांगलाच कमी होतो, स्वर किंचित उतरतो. नंतर तुकडे काढून टाका.

ग्वाल्हेरची हवा

हवा गरम झाली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो आणि बासरी, व्हिसल, क्लॅरिओनेट सगळी वाद्यं चढतात. एका अंश सेल्सियसला सुमारे ३ सेंट, असा हिशेब आहे. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांजवळ जातो आणि मे-जूनमध्ये पंचेचाळीसच्या पुढे. नळीतली हवा श्वासाने गरम होत असल्यामुळे सगळा फरक सुरात उतरत नाही, पण जो उतरतो तो तानपुऱ्यावर लपत नाही. डिसेंबरात तानसेन समारोहाला हजिऱ्याला गेलेल्यांनी थंड हवेत तारा पुन्हा पुन्हा मिळवणारे कलाकार पाहिलेच असतील. तंतुवाद्याला खुंटी असते. व्हिसलला सुटं डोकं हीच खुंटी.

उन्हाळ्यात व्हिसल चढते, तेव्हा डोकं थोडं बाहेर ओढा. डी व्हिसलवर एक मिलिमीटर ओढलं तर खालचा डी सुमारे ६ सेंटने उतरतो, पण वरचा सी शार्प ११ सेंटच्या आसपास उतरतो, कारण त्याच्या वाट्याला नळी कमी येते. म्हणून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त ओढू नका. त्यापुढे पट्टी जुळते पण स्वरांमधलं अंतर बिघडतं. हिवाळ्यात उलट, डोकं पूर्ण आत आणि व्हिसल कोटाच्या आतल्या खिशात. वाजवण्याआधी गरम केलेली व्हिसल निम्मा प्रश्न तिथेच सोडवते. कीबोर्डवाल्यासोबत वाजवायचं असेल तर मिळवणं दोन्ही वाद्यं त्याच खोलीत थोडा वेळ राहिल्यावर करा.

थंडीत दुसरा त्रास वाट तुंबण्याचा. श्वासातली वाफ थंड प्लॅस्टिकवर थेंब होऊन बसते आणि स्वर मधेच गुदमरतो. खिडकीवर बोट आडवं ठेवून, पात्याला स्पर्श न करता, एकदा जोरात फुंका. थेंब उडून जातो. कायमचा उपाय म्हणजे भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून वाटेतून ओघळू द्यावा आणि न धुता वाळवावा. मग पाणी थेंब धरत नाही, पातळ थर होऊन वाहून जातं. थंडीभर अधूनमधून हे करावं.

उन्हाळ्यात व्हिसल गाडीत किंवा गच्चीच्या खोलीत ठेवू नका. डोक्याचं प्लॅस्टिक वाकलं तर त्यावर उपाय नाही.

सांभाळ

पितळेची नळी काळवंडली तर पीतांबरी किंवा चिंच चालते, पण डोकं काढून, आणि नळीवर लाखेचा चकचकीत थर नसेल तरच. लाखेचा थर घासला की डाग पडतात. काळवंडलेली नळी वाजायला काही वाईट नसते. मी तरी तशीच ठेवतो. आतून सुती फडक्याची चिंधी काडीला गुंडाळून फिरवा. डोकं कोमट पाण्यात साबणाने धुवा, आधी ब्लू टॅक काढून. लगदा दर वर्षी बदलावा, तो हळूहळू कडक होतो.

दुसरी व्हिसल घ्यायची वेळ आली तर महागडी घेण्याऐवजी त्याच प्रकारची सी पट्टीची घ्या. तोवर हात इतका बसलेला असतो की तिचं डोकं सोडवून, पोकळी भरून ती चहा होईपर्यंत तयार होते, आणि घरात पांढरी दोन, पांढरी एक, पांढरी चार, पांढरी पाच असे चार सा उपलब्ध होतात.